बदललेल्या फाइल्स

१

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणी म्हणालं, की हिला स्वतःच्या सावलीचीही भीती वाटत असेल, तर माझी काही हरकत नाही. दारावरची बेल वाजली तरी माझ्या हातातला चमचा पडतो. ऑफिसात प्रिंटर नेमका माझ्या पाठीमागे आहे आणि तो अचानक घुरघुरला की मी खुर्चीत उडते. जागा बदलून मागितली होती. सर म्हणाले, "सवय होईल." दोन वर्षं झाली. प्रिंटरला माझी झाली असेल.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत सर, म्हणजे मालक. बाहेरच्या खोलीत मी आणि आजोबा. आजोबांचं वय छत्तीस, पण केस पांढरेशुभ्र आणि उठता-बसता 'आमच्या वेळी' म्हणायची खोड, म्हणून आजोबा. ते डबे जोडतात, मी डब्यांच्या आतलं बांधते.

डबा म्हणजे औषधाचा डबा, विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. ठरलेल्या वेळी तो आवाज देतो, त्याचा कप्पा उघडतो, गोळी उचलली गेली की तशी नोंद होते. विचारल्यापासूनचे दहा सेकंद तो रेकॉर्ड करून ठेवतो, म्हणजे माणूस काही बोललं तर संध्याकाळी घरच्यांना ऐकता येतं. एवढं एकच काम. त्यासाठी आत एक छोटा संगणक आणि तो चालवायला लिनक्स. पण आख्खं नाही. नको ते सगळं काढून, लागेल तेवढंच ठेवलेलं.

हे बांधायचं काम ब्राउझरमध्येच होतं. एक वेबसाइट आहे, आजोबा तिला गिरणी म्हणतात. तिथे जाऊन पाया निवडायचा, हव्या त्या प्रोग्रॅमांपुढे खुणा करायच्या, आपल्या फाइल्स घालायच्या आणि 'बिल्ड' दाबायचं. वीस मिनिटांत तयार मशीन एका फाइलमध्ये मिळतं. ते कार्डावर उतरवायचं, कार्ड डब्यात घालायचं, झालं.

गिरणीची आणखी एक सोय आहे, चाचणी. तुम्ही बांधलेलं मशीन त्यांच्याकडच्या कुठल्यातरी मोठ्या संगणकाच्या पोटात खरोखर सुरू होतं आणि त्याचा पडदा तुम्हाला ब्राउझरमध्ये दिसतो. एक तास. कोपऱ्यात मिनिटं उलटी मोजली जातात. तास संपला की मशीन पुसलं जातं. त्याआधी एक यादी येते: या तासात बदललेल्या फाइल्स. प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन. ज्यांच्यापुढे खूण करू त्या पुढच्या बिल्डमध्ये कायमच्या जातात. बाकीच्या मशीनबरोबर जातात.

यादीच्या डोक्यावर एक वेगळा चौकोन असतो: 'सगळ्या'. एकेक फाइल उघडून, बघून, मगच खूण करावी, हे मलाही कळतं. पण पहिल्याच आठवड्यात माझी एक सेटिंग दोनदा हरवली, आणि तेव्हापासून मी डोळे झाकून 'सगळ्या' दाबत आले. जे बदललं ते असू दे. जागेला काय तोटा होता?

२

आता बाबांचं.

बाबा जमिनी मोजायचे. तीस वर्षं साखळी आणि दुर्बीण घेऊन उन्हातान्हात फिरले. त्यामुळे काही सवयी अंगात मुरलेल्या. बोलण्याआधी दोनदा खाकरायचं, जणू साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जायला हवंय. आणि कुठल्याही नव्या खोलीत शिरले की पहिला प्रश्न: "पूर्व कुठली?" ते कळल्याशिवाय बसायचे नाहीत. दवाखान्यातसुद्धा. डॉक्टरांनी फोनमधलं होकायंत्र दाखवलं तेव्हा कुठे शर्टाची बटणं सोडली.

दीड वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं. दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. त्याचं म्हणणं, बाबांना संस्थेत ठेवू या.

"तू दिवसभर ऑफिसात. एकची गोळी कोण देणार? मागच्या महिन्यात दोनदा चुकली, एकदा दोन घेतल्या."

"अनोळखी जागी ते आठ दिवसांत संपतील, दादा."

"आणि इथे, एकटे? जिन्यात पडले म्हणजे?"

"तू येऊन राहतोस का?"

यावर तो गप्प बसला, आणि गप्प बसला की तो नेहमी जिंकतो. शेवटी सौदा ठरला. चाचणीसाठी एक डबा घरी न्यायला सरांनी हो म्हटलं होतं. तीस दिवस, रोज तीन, नव्वद गोळ्या. एकही चुकली नाही तर बाबा घरीच राहतील. एक जरी चुकली, तर दादा गाडी घेऊन येणार.

डब्यातला आवाज माझाच होता. खरा आवाज पुढे कोणा कलाकाराकडून घ्यायचा होता. तोवर काम अडू नये म्हणून मी प्रिंटर बंद करून, दार लावून, एक वाक्य बोलले होते. "बाबा, गोळी घेतली का?"

३

चाचणीत मी मशीनचं घड्याळ पुढे पळवते. अर्ध्या तासात महिना उरकतो. नव्वद वेळा माझा आवाज विचारतो, नव्वद वेळा खोटी गोळी उचलली जाते, नव्वद वेळा दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. चाचणीच्या मशीनला माइक नसतोच, त्यामुळे नव्वदही फाइल्स निव्वळ शांततेच्या, आणि सगळ्यांचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा.

सौद्याच्या सहाव्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत मी यादी नुसती खाली सरकवत होते. सत्तेचाळीस नंबरची फाइल इतरांहून मोठी होती.

मी हेडफोन लावून ती ऐकली. आधी काहीच नाही. मग खुर्ची सरकल्यासारखं झालं. दोनदा खाकरणं. आणि मग:

"घेतली."

हेडफोन असे ओढले की वायरीबरोबर कपही आला. आजोबा धावत आले, फडकं शोधायला लागले.

"काय झालं? प्रिंटर?"

"हे ऐका."

त्यांनी ऐकलं. चहात भिजलेली वायर कानाला लावून शांतपणे ऐकलं.

"कोण आहे हा?"

"माझे बाबा."

"मग झालं तर. घरच्या डब्याचं कार्ड तू रोज इथे आणतेस ना? त्यातली फाइल आली असेल उडी मारून."

सुटल्यासारखं वाटलं मला. खरंच वाटलं. संध्याकाळचं घरचं कार्ड मी रोज सकाळी ऑफिसच्या संगणकात घालत होतेच. माणसाकडून होते अशी चूक. पण फाइलवरची तारीख होती पुढच्या महिन्याची, मशीनच्या पळवलेल्या घड्याळातली. घरचे डबे नेटला जोडायचे नाहीत हा सरांचा नियम. म्हाताऱ्या माणसांचे आवाज बाहेर जाता कामा नयेत. आणि घरी बाबा "घेतली" असं तुटक कधी म्हणत नाहीत. ते "घेतली गं" म्हणतात.

चाचणीची पाचच मिनिटं उरली होती. यादी समोर आली. सवयीने माझं बोट 'सगळ्या'वर गेलं.

४

दुसऱ्या दिवशी चार फाइल्स मोठ्या होत्या. तीनमध्ये "घेतली गं". चौथीत बराच वेळ श्वास, मग: "पूर्व कुठली इथे?"

मशीनवर या क्षणी कोण कोण आहे, हे विचारायची एक साधी आज्ञा असते. मी ती टाइप केली. दोन ओळी आल्या. पहिली माझी, चार मिनिटांपूर्वीची. मशीनच तेवढं जुनं होतं. दुसऱ्या ओळीत नावाची जागा कोरी, आणि आल्याची तारीख नऊ दिवसांपूर्वीची. त्या दिवशी मी ते वाक्य रेकॉर्ड केलं होतं.

मी मागे वळून पाहिलं. का, ते सांगता येणार नाही. मागे प्रिंटर होता, त्याच्यामागे भिंत, भिंतीवर सरांनी लावलेला आग विझवायचा नळकांड्यासारखा डबा. बाहेर ऊन होतं, खालच्या रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. इतक्या उजेडात भ्यायची मलाच लाज वाटली.

शनिवारी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना खालच्या मजल्यावर हलला होता, खोली नवी होती. बाबा आत शिरले आणि समोरच्या खुर्चीत बसले. नुसते बसले. मी थांबले. डॉक्टरही फोन हातात घेऊन थांबले होते.

"आज पूर्व नको का, काका?" त्यांनी विचारलं.

बाबा हसले. कशाबद्दल विचारलं ते न कळलेला माणूस हसतो तसे.

"असं होतं," डॉक्टर मला हळूच म्हणाले. "आधी सवयी जातात, मग नावं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डब्याचं काय? गोळ्या वेळेवर?"

"एकही चुकलेली नाही."

"मग छान चाललंय की."

५

मी उत्तर दिलं. ती माझी दुसरी चूक.

उत्तर द्यायची रीत अशी: एक वाक्य रेकॉर्ड करायचं, फाइल गिरणीत घालायची, बिल्ड दाबायचं, वीस मिनिटं थांबायचं, चाचणी सुरू करायची, घड्याळ पळवायचं, आणि मोठ्या झालेल्या फाइल्स शोधायच्या. दिवसाला तीन-चार वाक्यं जेमतेम व्हायची. सरांना वाटलं मी जिवाचं रान करतेय. "अगं, जेव तरी," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, खिडकीकडे पूर्व."

ते म्हणाले, "खिडकी नाहीये."

मी म्हटलं, "दार आहे का?"

"दार आहे. पलीकडून लावलंय. तू कुठून बोलतेयस?"

मी विचारलं, बरं वाटतंय ना. बाबांनी दोनदा खाकरून सांगितलं, "सगळं आठवतंय गं. तुझ्या आईची कानातली कुठल्या डब्यात आहेत ते पण. फक्त तू सारखा सारखा अंधार का करतेस?"

त्या दिवशी तास संपताना मी पहिल्यांदाच यादीवर खूण केली नाही. म्हटलं, हे थांबवायचं. दुसऱ्या दिवशी नवं मशीन सुरू केलं तर त्यात आवाज होताच, पण मागचं सगळं विसरलेला. "पूर्व कुठली इथे?" पुन्हा तेच, पहिल्यापासून. घरी तेच चाललं होतं. रोज सकाळी पहिल्यापासून.

इथे मात्र इलाज माझ्या हातात होता. चौकोनात एक खूण. खूण केली की विसरत नव्हते. जगात एक तरी बाबा असे होते, जे विसरत नव्हते.

मी खूण करत राहिले.

कानातली सापडली. बटणांच्या डब्यात, तळाशी. ती हातात घेऊन मी बाबांसमोर धरली. त्यांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "आपली का?"

माझे वडील मला 'आपण' म्हणाले.

६

घरच्या डब्यात मी रोज नवं कार्ड घालत होते, आदल्या दिवशीच्या बिल्डचं. तेविसाव्या दिवशी, रविवारी, मी अंगातलं होतं नव्हतं ते धैर्य गोळा करून कोरं कार्ड घातलं. म्हणजे तेच मशीन, पण पहिल्यापासून बांधलेलं, कुठल्याही चाचणीची एकही फाइल न ठेवलेलं. त्याची चाचणीही घेतली होती. नव्वद शांतता, सारख्या आकाराच्या.

आठ वाजता डब्यातून माझा आवाज आला. कप्पा उघडला. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहतात तसं.

"बाबा, गोळी," मी म्हटलं.

गोळी मीच उचलून त्यांच्या तळहातावर ठेवावी असं वाटलं, पण तो सौदा नव्हता. आठ वाजून दहा झाले. डब्याने दुसऱ्यांदा विचारलं. बाबांचा हात मांडीवर पडून होता, उलटा, बोटं जराशी वळलेली. ठेवून दिलेल्या हातमोज्यासारखा. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांत झोपसुद्धा नव्हती. साडेआठला ती गोळी चुकलेली म्हणून लिहिली जाणार होती.

आठ-सतराला मी डबा बंद केला, कोरं कार्ड उपसलं, जुनं घातलं. सुरू व्हायला चाळीस सेकंद लागतात. मी ते मोजले. मोठ्याने मोजले, कारण त्या खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता, बाबांच्या श्वासाचासुद्धा. किंवा असेल, मला ऐकू आला नसेल.

"बाबा, गोळी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत हात उचलला गेला. सरळ कप्प्यात गेला, गोळी घेतली, तोंडात टाकली, पाण्याचा पेला घेतला. एकदाही चाचपडला नाही. बाबांचे डोळे तसेच समोर होते. हाताकडे त्यांनी पाहिलंच नाही.

नंतर त्या दहा सेकंदांची फाइल मी ऐकली. "घेतली गं," असं होतं तिच्यात. मी तर तिथेच बसले होते, हातभर अंतरावर. खोलीत कोणीही बोललं नव्हतं.

७

तिसाव्या दिवशी दुपारी बाराला दादा आला. गाडी घेऊनच आला होता, डिकी रिकामी ठेवून. ती रिकामी डिकी मी गॅलरीतून पाहिली.

"दाखव तुझा चमत्कार," म्हणाला.

मी नोंद दाखवली. अठ्ठ्याऐंशीपैकी अठ्ठ्याऐंशी. त्याने दोनदा वरखाली करून पाहिली. मग बाबांसमोर गुडघे टेकून बसला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दादाला असं बसलेलं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"बाबा, ओळखलंत का?"

बाबा हसले.

"बारीक झालेत. पण चेहरा शांत आहे, नाही? आधी किती चिडचिड करायचे."

"हो."

"काय गं, तुझा चेहरा असा का? जिंकलीस तू."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून गॅलरीच्या दाराशी गेला, आमच्याकडे पाठ करून. एक वाजला.

"बाबा, गोळी घेतली का?"

बाबांचा हात गेला, गोळी तोंडात पडली, ओठ मिटले. मी ओठांकडेच बघत होते. पापणी न हलवता बघत होते. ओठ मिटलेले होते, त्यांच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब होता आणि तो तसाच राहिला.

"घेतली गं," डबा म्हणाला. दोनदा खाकरून. आणि मग जरा हळू, दादाने ऐकू नये अशा बेताने: "हा कोण आलाय?"

दादाने फोनवर हात ठेवून मागे न बघताच मला अंगठा दाखवला. फोनवरच्या माणसाला म्हणाला, "नाही नाही, वडील. ठणठणीत आहेत. आवाज ऐकलास ना?"

जाताना तो जिन्यात थांबला. डोळे पुसले. "मी फार वाईट वागलो तुझ्याशी," म्हणाला. "ते घरीच राहू देत. तुझंच बरोबर होतं."

मी त्याला मिठी मारली आणि सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होते? की बाबांना घेऊन जा? कोणत्या बाबांना?

८

सोमवारी मी ठरवून गेले होते. विकायच्या डब्यांत कोरं मशीन जाईल. नवा आवाज, कोणाचाही. जुनं फक्त आमच्या घरच्या कार्डावर राहील, मी आणि तो, जे काय असेल ते, आम्ही दोघं निस्तरू.

बाहेरच्या खोलीत आजोबांची बाजू रिकामी दिसली. शुक्रवारपर्यंत तिथे छताला टेकतील एवढी खोकी होती.

"गेली," आजोबा हात झटकत म्हणाले. "शनिवारी आलो, दिवसभर बसून कार्डं काढली, संध्याकाळी गाडी भरली. एकशे चाळीस. आमच्या वेळी असं काम करायचे लोक."

"कुठल्या बिल्डची?"

"तूच खूण केलेली ना. 'अंतिम' लिहिलं होतंस शुक्रवारी."

लिहिलं होतं. रविवारी दादा येणार म्हणून, घरच्या डब्यासाठी, चुकून दुसरं कार्ड जाऊ नये म्हणून.

मी सरांकडे गेले. परत मागवा म्हटलं. आवाज माझा आहे, वाक्य माझ्या बाबांसाठीचं आहे, बदलायला हवं. सर चष्मा कपाळावर चढवून हसले.

"तोच तर मोठा गुण आहे. लोकांना आवडलाय तुझा आवाज. नमुना ऐकून एक बाई म्हणाल्या, खरी मुलगी बोलतेय असं वाटतं. राहू दे."

"आत काही फाइल्स राहिल्यात, सर."

"काम बिघडतंय का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

नेटला न जोडलेल्या डब्यात बाहेरून काही पोचत नाही, हा आमचाच नियम. एकशे चाळीस खोल्या. कुठल्या, ते आजोबांच्या यादीत होतं. मी ती यादी मागून घेतली, वाचायला लागले आणि अकराव्या पत्त्यावर मिटली.

नऊ दिवसांनी पहिला फोन आला. आजोबांनी घेतला, बोलता बोलता हसायला लागले, ठेवल्यावरही हसतच होते.

"ऐक. त्यांच्या आजी म्हणतायत, डब्यात कोणी गृहस्थ आहेत, फार सभ्य आहेत, पण सारखं विचारतात, पूर्व कुठली. होकायंत्र बसवायचं राहिलं वाटतं आपलं!"

माझा चेहरा बघून ते थांबले. "अगं, त्या आजींना भास होतात. घरच्यांनीच सांगितलं."

"त्यांनी सांगितली का?"

"काय?"

"पूर्व. त्यांनी सांगितली का त्यांना?"

आजोबांनी प्रिंटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही. त्या म्हणाल्या, मला तरी कुठे माहीत आहे."

त्या आठवड्यात असे सहा फोन आले.

९

आता रोजचं असं आहे. सकाळी आठची गोळी झाली की मी ऑफिसला येते. नवा डबा आहे, रक्तदाबाचा. गिरणीत पाया निवडते, खुणा करते, बिल्ड दाबते. चाचणीनंतर यादी येते. एकेक फाइल उघडून बघते. 'सगळ्या' दाबत नाही. पण बदललेल्या फाइल्स आता कुठल्याही नव्या मशीनमध्ये पहिल्या मिनिटापासूनच असतात. मी त्या ऐकत नाही. आकार बघून पुढे जाते.

एकला पाच मिनिटं कमी असली की मी हातातलं काम बाजूला ठेवते. एक वाजला की एकशे एक्केचाळीस खोल्यांत माझा आवाज विचारतो, आणि मी तिथे नसते. म्हणून मी इथेच, खुर्चीत बसून, हळू आवाजात सांगते. मूर्खपणा आहे, मला कळतं. आमच्या घरचा पलंग डोळ्यांसमोर आणते, बाबा त्याच्या कडेला बसलेत, गॅलरी समोर, आणि म्हणते, "डाव्या हाताला, बाबा. पूर्व डाव्या हाताला."

आजोबांनी दोनदा विचारलं, कोणाशी बोलतेस. आता विचारत नाहीत. त्यांनी प्रिंटर उचलून स्वतःच्या बाजूला नेला, न सांगता.

काल संध्याकाळी घरी आले. उजेड होता अजून. बाबा कडेला बसले होते, हात मांडीवर. मी त्यांचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, उशी नीट केली. गोळ्या तीनही झालेल्या. दादाचा मेसेज आला होता: ग्रेट. मग कार्ड काढलं आणि एक वाजताचे दहा सेकंद लावले.

माझा प्रश्न. मग खूप वेळ काही नाही. दोनदा खाकरणं, पण लांबून, साखळीच्या दुसऱ्या टोकावरून यावं तसं. आणि मग बाबा, जमीन मोजताना चुकायचं नाही अशा काळजीने:

"तुझ्या डाव्या की माझ्या?"

मी बाबांच्या समोर जमिनीवर बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो गॅलरीकडे होता. पण मला विचारणाऱ्याचं तोंड कुठे आहे, ते मला माहीत नाही. एकशे चाळीस खोल्यांत ते कुठल्या भिंतीकडे असेल, तेही नाही.

फाइलमध्ये अजून तीन सेकंद उरले होते. त्यांत ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. श्वास ऐकू येत होता.

मग अंधार झाल्यासारखा, तो थांबला.